चोराला शून्य : चिठ्ठ्यांच्या खेळाची विनोदी ॲनिमेशन मालिका करताना

राजा, प्रधान, शिपाई, चोर. वहीचं मागचं पान फाडायचं, चार तुकडे करायचे, एकेकावर एकेक नाव लिहून सारख्या घड्या घालायच्या, ओंजळीत खुळखुळवायच्या आणि टाकायच्या सतरंजीवर. ज्याने त्याने एक उचलायची. राजा आपणहून सांगतो, ‘मी राजा.’ मग विचारतो, ‘माझा शिपाई कोण?’ शिपाई हात वर करतो. राजा म्हणतो, ‘चोर पकड.’ उरलेल्या दोघांत एक प्रधान आणि एक चोर. शिपायाने बोट दाखवायचं. राजाला १०००, प्रधानाला ८००, शिपायाला ५००, चोराला शून्य. बोट चुकलं की शिपायाचे ५०० चोराकडे. आकडे घरागणिक बदलतात, कुठे चोर पकडायचं काम प्रधानाकडे असतं, कुठे राणीही असते. मालिकेत आम्ही घेतले ते नियम वरचे.

छत्रपती संभाजीनगरमध्ये तिघांचा एक गट आहे. एरवी दुकानांच्या जाहिराती, लग्नाची ॲनिमेटेड आमंत्रणं, शाळांसाठी छोट्या फिती अशी कामं करतो. मुलांच्या एका ऑनलाइन वाहिनीने त्यांना विचारलं, की आपल्याकडच्या एखाद्या साध्या बैठ्या खेळावर विनोदी मालिका होईल का? सात-सात मिनिटांचे आठ भाग. गटाने राजा-चोर निवडला आणि पटकथेसाठी मला बोलावलं. पुढे जे झालं त्यात खेळाचं रूपांतर कसं करावं, यापेक्षा खेळातलं नेमकं काय उचलावं यावरच जास्त वेळ गेला. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे.

खेळ सोपा म्हणजे मालिकाही सोपी, हा समज पहिल्याच बैठकीत निकालात निघाला. बुद्धिबळात निदान हत्ती-घोडे-उंट आहेत. सारीपाटाला पट आहे, सोंगट्यांचा घरापर्यंतचा प्रवास आहे, वाटेत मार आहे. इथे पट नाही, प्रवास नाही, डाव मिनिटभरात संपतो आणि मागे उरतात वहीतले आकडे. गोष्ट म्हणावी असं काही खेळात नाहीच.

समोर असलेल्या वाटा

पहिली सूचना चित्रकाराची होती : चिठ्ठ्यांनाच हातपाय आणि तोंड द्यावं. निर्जीव वस्तूंना पडद्यावर नाचवणं आपल्याकडे जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगपेटीतल्या काड्यांनाच हलवलं होतं. काढायलाही हे स्वस्त, कारण कागदाचा चौकोन काढायला कितीसा वेळ लागतो? पण ही वाट दोन संवाद लिहिताच बंद झाली. या खेळातलं गुपित माणूस आणि त्याच्या हातातली चिठ्ठी यांच्यामध्ये असतं. चिठ्ठीच पात्र झाली की तिच्या पोटावर ‘चोर’ लिहिलेलं असणार, मग लपवायचं काय आणि कोणी?

दुसरी वाट वाहिनीला मनापासून आवडलेली : एक राजवाडा, एक गोलमटोल राजा, एक शहाणा प्रधान, एक झोपाळू शिपाई आणि एक चपळ चोर. पहिली पटकथा याच धर्तीवर लिहिली गेली. वाचायला वाईट नव्हती. पण त्यात चोर रोज चोरच. प्रेक्षकाला तो ठाऊक, राजाला ठाऊक, सिंहासनामागे चवरी ढाळणाऱ्याला ठाऊक, फक्त शिपायाला नाही. अशा दरबारी गोष्टी मुलांनी ढिगाने पाहिल्या आहेत. नाव राजा-चोराचं, खेळाचा मात्र मागमूस नाही.

या टप्प्यावर बाहेर काय झालंय तेही पाहिलं. ‘एक्सप्लोडिंग किटन्स’ हा पत्त्यांचा खेळ २०१५मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे गोळा करायच्या संकेतस्थळावर आला. २ लाख १९ हजारांहून जास्त लोकांनी मिळून त्याला सुमारे ८७.८ लाख डॉलर दिले. नियम अगदी साधा : गड्डीतून पत्ते ओढत राहायचे, स्फोटक मांजर ज्याच्या हाती येईल तो बाद, सुटकेचा पत्ता जवळ असेल तरच वाचला. जुलै २०२४मध्ये नेटफ्लिक्सवर त्याची ॲनिमेटेड मालिका आली. तिच्यात देवाला मांजराच्या देहात पृथ्वीवर, एका बिघडलेल्या घरात पाठवलं आहे. म्हणजे पत्ते ओढण्याचा नियम जवळपास सोडून दिला आणि खेळातला वाह्यातपणा तेवढा उचलला. त्यांना ते परवडलं, कारण त्या खेळाला चित्रशैली होती, नाव होतं, लाखो घरांत डबा होता. राजा-चोराकडे यातलं काही नाही. त्याचा मालक नाही, चित्र नाही, डबा नाही. आहे तो फक्त नियम. तो सोडला तर हातात वहीचं फाटकं पान उरतं.

आम्हाला जास्त जवळचा वाटला तो १९८५चा ‘क्लू’ हा चित्रपट. तो खुन्याच्या शोधाच्या बैठ्या खेळावर बेतलेला होता आणि त्याला तीन वेगवेगळे शेवट केले होते. कुठल्या चित्रपटगृहात गेलात त्यावर तुमचा शेवट ठरायचा. तिकीटबारीवर ही क्लृप्ती चालली नाही हे खरं. पण ‘कोणीही असू शकतो’ ही त्या खेळातली मूळ गंमत त्यांनी ओळखली होती. आमच्या चार चिठ्ठ्या चार माणसांत २४ तऱ्हांनी वाटल्या जाऊ शकतात. एवढी श्रीमंती हातात असताना एकच वाटप कायमचं धरून बसायचं, हा राजवाड्याच्या पटकथेतला खरा तोटा होता.

तिसरी वाट त्यातूनच निघाली. घर एकच, माणसं तीच चार, हुद्दे मात्र रोज नवे. सकाळी चिठ्ठ्या पडतात आणि निघालेला हुद्दा दिवे लागेपर्यंत खरा धरायचा. चोराने दिवसभरात घरातली एक वस्तू गायब करायची, शिपायाने संध्याकाळी बोट दाखवायचं. मिनिटभराचा डाव दिवसभर ताणला, बाकी नियमाला हात लावला नाही.

वाहिनीचा आक्षेप

वाहिनीकडून आलेला आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. मुलांना ठरलेला नायक लागतो, असं त्यांचं म्हणणं. राजा रोज बदलला तर दप्तरावर कोणाचं चित्र छापायचं? आणि दुसरं, ‘चोर’ हा हुद्दा मुलांच्या मालिकेत हवाच कशाला, त्याऐवजी ‘खोडकर’ म्हणता येणार नाही का?

दुसऱ्या मुद्द्यावर गट ठाम राहिला. ज्या घरात ही मालिका पाहतील त्याच घरात हा खेळ ‘चोर’ म्हणूनच चालतो, आणि चोराला मिळणारं शून्य हीच त्याची शिक्षा आहे. शून्य चुकवायची धडपड नसेल तर चिठ्ठी उघडताना कोणाच्याच पोटात गोळा येणार नाही.

पहिल्या मुद्द्यावर तोडगा निघाला तो नियमातूनच. वेश पात्राला न देता हुद्द्याला द्यायचा. राजाला वर्तमानपत्राचा मुकुट, शिपायाला शेवग्याची काठी. प्रधान आणि चोर यांना काहीच नाही, कारण संध्याकाळपर्यंत दोघेही झाकलेले. दोन उघडे, दोन झाकलेले, खेळात असतं तसंच. दप्तरावर मुकुट छापा, त्याखाली चेहरा कोणाचाही येऊ दे.

हे कागदावर मांडताना प्रधानाचं एक अजब दुखणं लक्षात आलं. ८०० गुण घेऊन बसलेला हा माणूस खेळात करतो काय? काहीच नाही. चोर समजलं जाणं एवढंच त्याच्या नशिबी. तो निर्दोष आहे, त्याचे गुण कोणी काढून घेऊ शकत नाही, आणि तरीही सगळा दिवस त्याच्यावर संशय. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत हा माणूस भेटेल. विनोदाच्या दृष्टीने चारही हुद्द्यांत प्रधान सगळ्यात सकस निघाला. राजवाड्याच्या पटकथेत तोच सगळ्यात कंटाळवाणा होता.

ओसरीवरचा डाव

पात्रं कुठून आणायची? टेबलाशी बसून चार स्वभाव रचण्यापेक्षा खराखुरा डाव पाहावा, असं ठरलं. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात, ओळखीच्यांच्या माळवदाच्या घरी, त्यांच्या परवानगीने एक दुपार ओसरीवर फोन लावून खेळ टिपला. उन्हाळा होता. परभणीत पारा चाळिशीच्या वर गेला की पोरांना घराबाहेर सोडत नाहीत, आणि बैठे खेळ असे दुपारीच रंगतात.

टिपलेल्या फितीत खेळापेक्षा खेळणारे जास्त दिसले. राजा झालेला माणूस नकळत पाठ ताठ करतो. चोर चिठ्ठी वाचल्यावर ती पुन्हा पहिल्यापेक्षा बारीक घडी घालतो. प्रधान उगाच हसतो. पण सगळ्यात मोठा ऐवज मिळाला तो घरातल्या वयस्क बाईंकडून. त्यांना वाचता येत नाही. त्यांची चिठ्ठी शेजारचं कोणीतरी वाचून कानात सांगणार, आणि तो सांगणारा स्वतःही डावात बसलेला. म्हणजे एकाला दुसऱ्याचं गुपित ठाऊक आणि नियमाने ते वापरायला बंदी. पाच-सहा डाव झाल्यावर मात्र बाईंनी चिठ्ठी पुढे करायचं सोडलं. विचारलं तर म्हणाल्या, ‘दोन काठ्या उभ्या असल्या की राजा. दोन अक्षरं अन् वर झेंडा असला की चोर. बाकीची दोन लांबलचक असतेत, त्यात काही भ्याव नाही.’

‘राजा’मधले दोन काने आणि ‘चोर’वरची मात्रा. मालिकेतली आज्जी तिथेच तयार झाली. तिला अडाणी म्हणून हसायचं नाही, हे त्याच दिवशी ठरलं. उलट घरातल्यांना वाटत राहावं की आज्जीला चिठ्ठी कळत नाही, आणि आज्जीने ते वाटू द्यावं.

घर आजोळचं केलं. उन्हाळ्याच्या सुटीत आलेला भाचा बारक्या, मामा, मामी आणि आज्जी. आजोळ निवडण्यात सोय होती. मुलगा पाहुणा असल्याने त्याला घरातल्या जुन्या खोड्या नव्याने दिसतात, लाड होतात आणि कामंही लागतात. शिवाय मामी आणि आज्जी ही सासू-सून, मामा मधे. चिठ्ठीने यांच्यातला मान रोज उलटापालटा होणार, एवढ्यावरच निम्मे विनोद आपोआप उभे राहतात.

पहिला भाग जवळून

नमुन्यासाठी पहिला भाग पूर्ण केला. वाटप असं : मामी राजा, बारक्या शिपाई, मामा प्रधान, आज्जी चोर.

मामी मुकुट घालते आणि तशीच चुलीपुढे बसते. राज्य मिळालं म्हणून भाकरी कोण थापणार? पण पीठ मळायला काठवट पाहते तर काठवट नाही. राजाचीच काठवट चोरीला गेली! इकडे आज्जी ओसरीवर लुगड्याचा घोळ पसरून बसली आहे, नेहमीपेक्षा चार बोटं उंच. तिच्याभोवती शेळी घुटमळते आहे, कारण काठवटीला कालच्या पिठाचा वास आहे.

सकाळी आज्जीची चिठ्ठी बारक्यानेच वाचलेली असते. तो प्रसंग पटकथेत असा आहे :

‘बघ रे, काय लिवलंय.’
बारक्या वाचतो. ओठ दाबतो.
मामी : ‘कामून हसायलास रे?’
‘कुठं हसायलोय!’
आज्जी : ‘राजा निघाला का मला?’
मामा : ‘माय, राजा झालीस तर करशील काय?’
‘मी काय करू? राजाचं राज्य तर पोलीस ॲक्शनमधी गेलं की.’

शेवटची ओळ वाहिनीला कळली नाही, मुलांनाही लगेच कळणार नाही. ती ठेवायचा आग्रह माझा होता. सप्टेंबर १९४८मध्ये भारताच्या लष्करी कारवाईत, म्हणजे या पोलीस ॲक्शनमध्ये, निजामाचं राज्य गेलं तेव्हा ही आज्जी लहान पोर असणार. मराठवाड्यातल्या घरात मुलांची मालिका मोठी माणसंही कानाने ऐकत असतात. त्यांच्यासाठी भागात एखादी ओळ असावी.

तर शिपायाला चोर पहिल्यापासून ठाऊक. सांगता येत नाही, कारण दुसऱ्याची वाचलेली चिठ्ठी वापरणं म्हणजे रडीचा डाव. आणि सांगावंसंही वाटत नाही, कारण उद्याच्या न्याहारीचं धपाटं आज्जीच्याच हातचं. मामा मात्र निर्दोष असूनही दिवसभर घामाघूम. मामी त्याच्याकडे नुसतं पाहते आणि तो सांगायला लागतो, ‘अहो राजेसाहेब, मी तर सकाळधरून शेतात होतो.’ तो शेतात नव्हता. पारावर पान खात बसला होता, ते लपवायचा त्याचा आटापिटा. एक गुन्हा लपवताना त्याच्यावर दुसऱ्याचा संशय बळावतो. संध्याकाळी बारक्या मामाकडे बोट दाखवतो. चूक. बारक्याचे ५०० आज्जीकडे. आज्जी उठते आणि काठवट सगळ्यांना दिसते.

दुसऱ्या मसुद्यात या प्रसंगाला शेपूट होतं, बारक्याला खोटेपणाबद्दल वाईट वाटतं वगैरे. ते कापलं. शून्य गुण वहीत दिसले की पुरे.

वहीतला हिशेब

इथपर्यंत प्रश्न पात्रांचा होता. आठ भागांची मालिका बांधताना प्रश्न हिशेबाचा झाला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे.

वाहिनीची अट होती की चारही पात्रांना सारखा वाव मिळावा. आठ भाग, चार हुद्दे. म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक हुद्दा दोनदा देता येतो. तक्ता सहज बसला. मग कोणीतरी गुणांची बेरीज केली. एका डावात वाटले जाणारे गुण नेहमी २३००च असतात, चोर सापडो वा न सापडो, कारण ५०० फक्त हात बदलतात. प्रत्येकाला प्रत्येक हुद्दा दोनदा म्हणजे प्रत्येकाचे मूळ गुण ४६००. चौघांचे सारखेच!

पहिल्यांदा हे पाहून सगळे हिरमुसले. सारखेच गुण मिळणार असतील तर चुरस कसली? पण नीट पाहिलं तर नशीब बाजूला पडलं होतं आणि एकच गोष्ट उरली होती : शिपायाचं बोट. राजा दोनदा झालात म्हणून कोणी पुढे जात नाही. पुढे जायचं तर चोर असताना निसटायला हवं आणि शिपाई असताना ओळखायला हवं. जो दोन्ही वेळा निसटला आणि दोन्ही वेळा अचूक ठरला त्याचे ५६००, जो चारही वेळा फसला त्याचे ३६००. हंगामाचा सगळा उतारचढाव या पट्ट्यात मावतो, पाचशे-पाचशेच्या पायऱ्यांनी. प्रत्येक भागाच्या शेवटी वहीचं पान दाखवायचं ठरलं. पोरं स्वतः बेरीज करू शकतील एवढीच ती मोठी आहे.

यावर गटातल्या ध्वनी सांभाळणाऱ्या गड्याने वाजवी शंका काढली. खऱ्या खेळात असं समान वाटप कधी होतं का? चिठ्ठी आंधळी असते. सलग तीन डावांत एकालाच चोर येणं काही जगावेगळं नाही, तशी शक्यता सोळात एक आहे. दुपारभर खेळणाऱ्याला हे अनुभवाने माहीत असतं, आणि ‘मलाच कामून दर टायमाला चोर?’ ही तर या खेळाची आरोळीच आहे. तक्ता इतका नेटका केला तर ही आरोळी जाणार.

तडजोड अशी झाली. समान वाटप ठेवायचं, पण क्रम विस्कटायचा. बारक्याचे चोराचे दोन्ही डाव दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात लागोपाठ ठेवले. दोन्ही वेळा तो निसटतो. तिथून पुढे त्याला चोर येतच नाही, पण घरातल्यांच्या डोक्यात तो चोर म्हणून बसलेला. पुढचा प्रत्येक शिपाई आधी बारक्याकडे पाहतो. बारक्या प्रधान असला की हमखास त्याच्यावर बोट येतं, आणि खरा चोर ५०० घेऊन सुटतो. एकदा बसलेली चिठ्ठी उतरत नाही, हे गावात राहिलेल्या कोणाला सांगायची गरज नाही. मालिकेतही कोणी बोलून दाखवत नाही. वहीतले आकडे तेवढे सरकत राहतात.

सहाव्या भागात नियमाची खरी परीक्षा लागली. टँकरचा दिवस. बारक्या राजा आहे आणि फर्मान काढतो की आज टाकीला कोणी हात लावायचा नाही, चोराने पाणी नेलं तर शिपाई जबाबदार. दुपारपर्यंत आज्जीने देवाच्या नावाने तांब्या नेला, मामीने भांड्यांना नेलं, मामाने शेळीला पाजलं, आणि राजाने स्वतः रात्रीसाठी कळशी लपवली. पाणी चौघांनी चोरलं. चिठ्ठी मात्र एकाच्याच हातात चोराची. शिपायाने बोट कोणाकडे करायचं? आमच्यात दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, या भागात गुण रद्द करावेत, ‘आज सगळेच चोर’ म्हणून शेवट करावा. तो शेवट टाळ्या घेणारा होता आणि म्हणूनच मला खटकत होता. खेळात असं होत नाही. चिठ्ठी म्हणेल तोच चोर, बाकीच्यांनी काय केलं याचा हिशेब वही ठेवत नाही. शेवटी तेच ठेवलं. शिपाई झालेली मामी बरोबर बोट दाखवते, तिचे ५०० तिच्याकडे राहतात, चोराला शून्य, आणि कळशी लपवणारा राजा आपले १००० मोजून घेतो. लिहून काढताना या भागाइतकं हसू दुसऱ्या कुठल्या भागाला आलं नाही.

चित्राचा खर्च

सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) धरल्या तर १०,०८० चौकटी होतात, आणि एक चित्र दोन चौकटींवर धरलं तरी ५,०४० चित्रं. तिघांच्या गटाला एवढं हाताने काढणं शक्य नव्हतं, म्हणून सुटे अवयव जोडलेल्या बाहुल्या करून त्याच हलवायच्या ठरल्या. या पद्धतीत धावपळ, मारामारी, कापडाची सळसळ कृत्रिम दिसते. पण राजा-चोर हा चेहऱ्याचा खेळ आहे. बोट दाखवायच्या आधीचे चार सेकंद कोणी हलतच नाही. ९६ चौकटी एकच चित्र, हलतात त्या फक्त बुबुळांच्या दोन चकत्या. जे परवडत होतं तेच खेळालाही हवं होतं. राजवाड्याच्या पटकथेत पहिल्याच पानावर घोड्यांची मिरवणूक होती.

चित्रकार या काळात वेरूळला जाऊन आला. चौदाव्या लेण्यात, रावण की खाईमध्ये, शिव-पार्वती सारीपाट खेळतानाचं शिल्प आहे, एकविसाव्या लेण्यातही आहे. त्याने तिथून रेखाटनं आणली त्यात पट जवळजवळ नव्हताच. होते ते उचललेले हात, वळलेल्या माना, आणि खाली नंदीभोवती गणांची चाललेली गडबड. वर देवांचा डाव, खाली त्याच्याशी काही देणंघेणं नसलेला दंगा. शेळी आधी नुसती सजावट होती, तिला या रेखाटनांनंतर कायमचं काम मिळालं. प्रत्येक भागात चोरी झालेली वस्तू कुठे आहे ते तिला कळलेलं असतं आणि चौघांपैकी कोणी तिच्याकडे पाहत नाही. पाहणाऱ्या पोरांना मात्र दिसत असतं.

बोली

संवाद प्रमाण मराठीत असावेत, अशी वाहिनीची सुरुवातीची इच्छा होती. गटाचं म्हणणं, चौघेही मराठवाडीच बोलतील. ‘कामून’, ‘करायलास’, ‘म्हनलं’ हे शब्द हशा काढायला वापरायचे नाहीत. एकच पात्र बोलीत आणि बाकीचे शुद्ध बोलले की बोलीचा विदूषक होतो. सगळेच तसं बोलले की ते नुसतं बोलणं राहतं. यातही बारकावे होतेच. लातूर-नांदेडकडचं ‘करूलालाव’ आणि इकडचं ‘करायलोय’ एका घरात मिसळलं तर ऐकणारा लगेच पकडतो. परभणीकडचं घर म्हणून एकच धाटणी धरली आणि आवाज आधी रेकॉर्ड केले. ओठांची चित्रं नंतर आवाजावर बसवली. आज्जीचा आवाज देणाऱ्या बाई लिहिलेलं वाचत नसत. प्रसंग सांगितला की आपल्या मनाने बोलत, आणि त्यांच्या दोन वाक्यांमधल्या थांबण्याने माझी बरीच पानं निरुपयोगी ठरवली. खालच्या ओळींत प्रमाण मराठी द्यायची, एवढ्यावर वाहिनी राजी झाली.

हक्क आणि सध्याची स्थिती

करार करताना खेळ कोणाचा हा प्रश्न आलाच. राजा-चोर कोणाच्या मालकीचा नाही, त्यामुळे परवानगी घ्यायची नव्हती. पण त्याचाच अर्थ, उद्या दुसरा कोणी याच नियमावर मालिका काढेल तर अडवता येणार नाही. नुसत्या कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८च्या निकालात स्पष्ट केलं आहे. चित्रपटाच्या नुसत्या नावालाही तो मिळत नाही, असं त्याच न्यायालयाने २०१५मध्ये सांगितलं. मग जपायचं काय? लिहिलेली पटकथा, पात्रांची चित्रं, रेकॉर्ड केलेले आवाज. १९५७च्या कायद्याखाली हे येतं. वाहिनीच्या पहिल्या मसुद्यात सगळे हक्क कायमचे त्यांच्याकडे जात होते. गटाने भागांच्या प्रक्षेपणाचा हक्क ठरावीक मुदतीसाठी दिला आणि पात्रं स्वतःकडे ठेवली. यासाठी मोबदल्यात थोडं खाली यावं लागलं. शेळी जर पुढेमागे दप्तरावर गेली तर ती भरपाई निघेल, असा त्यांचा अंदाज आहे, आणि मला तो पटतो.

सध्या पहिले तीन भाग तयार आहेत, चौथ्याचे आवाज झाले आहेत, बाकीच्यांचे कच्चे चित्रफलक भिंतीवर लागले आहेत. आठव्या भागात शिपाई बारक्या आहे आणि चोर पुन्हा आज्जी. तोवरच्या वहीत दोघांचे गुण असे जमवले आहेत की बोट बरोबर पडलं तर हंगाम बारक्याचा, चुकलं तर आज्जीचा. यावेळी आज्जी आपली चिठ्ठी कोणाला वाचायला देत नाही. वाहिनीला बारक्या जिंकायला हवा आहे. चित्रकाराचं मत आज्जीच्या बाजूने आहे. मी दोन्ही शेवट लिहून दिले आहेत आणि दोन्हींचे आवाज पुढच्या आठवड्यात रेकॉर्ड होणार आहेत.